हात वर नको, पलीकडे

वहिनी,

तुझ्या दहाव्याचा निरोप मोबाइलवर सगळ्यांना पाठवायचा होता. दादाने फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, "तू शाळेत शिकवतेस, तूच लिही." मी लिहिलं, कष्टाळू, मनमिळाऊ, सगळ्यांना धरून राहणारी. खोटं त्यात काही नव्हतं. पण पाठवून झाल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, नवागामच्या आपल्या गल्लीतल्या कुठल्याही बाईसाठी हा निरोप चालला असता. व्हॉलीबॉल खेळताना समोरची पोरगी बॉल कुठे मारणार हे तुला तिच्या खांद्यावरून आधीच कळायचं, हे त्यात नव्हतं. पदर कमरेला खोचून तू हवेत जायचीस आणि तुझी दहाही बोटं गच्चीवर नेट म्हणून बांधलेल्या पट्टीच्या पलीकडे एकदम उघडायची, हेही नव्हतं. ते मला एकटीला माहीत होतं. आणि ते मला एकटीलाच माहीत राहिलं, याला कारणही मीच आहे.

म्हणून हे लिहितेय. घरात आपण अहिराणी बोलायचो. मराठीत लिहिताना तुझा आवाज जरा परका होतो, म्हणून तुझी काही वाक्यं आहेत तशीच ठेवते.

तू लग्न होऊन इकडे गुजरातेत आलीस तेव्हा मी नववीत होते. तू शिंदखेड्याकडच्या खेड्यातली, एकोणीस वर्षांची, दादापेक्षा बोटभर उंच. त्या बोटभर उंचीवरून आईने लग्नाआधीच दोन दिवस तोंड फुगवलं होतं. पंधरा दिवस मी तुला 'तुम्ही' म्हणत होते. मग गच्चीवरची ती दुपार झाली आणि 'तुम्ही' कुठे गेलं कळलंही नाही.

आई दुपारी बॉबिन भरायला जायची. दादा लूमच्या कारखान्यात दिवसपाळीला. तू घरी साड्यांचं गाठोडं उघडून बसायचीस आणि एकेका साडीचे लोंबणारे धागे कात्रीने कापायचीस. माझी शाळा सकाळची. घरी आले की मी बॉल घेऊन गच्चीवर जायचे. त्या दिवशी शाळेत सर सगळ्या मुलींसमोर मला म्हणाले होते, "हिच्यापेक्षा नेटजवळ खांब पुरला असता तर बरं झालं असतं." उंच आहे म्हणून त्यांनी मला नेटवर उभी केली होती. समोरून मारलेला बॉल नेटजवळच उडी मारून अडवायचा, ब्लॉक करायचा, एवढंच काम. मला ते जमत नव्हतं. कधी माझे हात नेटला लागायचे. कधी बॉल माझ्या आणि नेटच्या मधून सरळ पायावर पडायचा. मी रागाने गच्चीच्या भिंतीवर बॉल आपटत होते. तू वाळलेले कपडे काढायला वर आलीस, कात्री हातातच होती.

"काय झालं?"

मी सांगितलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एकच विचारलंस, "उडी मारताना डोळे मिटतेस का?"

मिटत होते. सरांनी दोन महिन्यांत हे विचारलं नव्हतं.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी शाळेत तीन वर्षं नेटला मध्ये उभी राहायचे," म्हणालीस आणि कात्री पाण्याच्या टाकीवर ठेवलीस.

दुसऱ्या दिवशी तू गाठोड्यातली उरलेली लेसची पट्टी आणलीस. एक टोक टाकीच्या पाइपला बांधलंस, दुसरं टीव्हीच्या जुन्या अँटेनाच्या दांड्याला. हात सरळ वर केलास आणि म्हणालीस, "माझ्या बोटांच्या वर चार बोटं. नेट एवढंच असतं." पुढे कॉलेजात मी टेपने नेटची उंची मोजली तेव्हा मला गच्चीवरची ती पट्टी आठवली. फार तर इंचाचा फरक असेल.

तू मला आधी उडी मारूच दिली नाहीस. आठ दिवस नुसतं उभं राहायला शिकवलंस. नेटपासून हातभर लांब, गुडघे थोडे वाकलेले, हात चेहऱ्यासमोर. मग त्याच अवस्थेत डावीकडे सरकायचं, उजवीकडे सरकायचं. मला कंटाळा यायचा. तू शेजारी बसून धागे कापायचीस आणि मान वर न करता म्हणायचीस, "हात खाली आले." कसं दिसायचं तुला, देव जाणे.

मग एक दिवस तू पलीकडे स्टुलावर उभी राहिलीस. दोन्ही हातांत बॉल धरून तो पट्टीच्या जरा वर ठेवलास. मला उडी मारून त्यावर दोन्हीकडून हात ठेवायचे होते. मी उंच उडी मारली, हात आभाळाकडे गेले. तू हसलीस.

"वर काय नेतेस, देवाला ओवाळायचंय का? हात वर नको, पलीकडे. दुसऱ्याच्या घरात हात घाल."

किती दिवस लागले त्याला. हात पलीकडे गेले की पोट पट्टीला लागायचं. पोट सांभाळलं की हातांमध्ये फट पडायची. तू माझे खांदे धरून कानांपर्यंत उचललेस. बोटं एकेक करून पसरलीस, ताठ केलीस, अंगठे वर वळवलेस. तुझ्या बोटांना कात्रीचे घट्टे होते, ते अजून मला माझ्या बोटांवर जाणवतात. एकदा बॉल माझ्या करंगळीवर नीट आदळला आणि ती सुजून टम्म झाली. तू लेसचा तुकडा फाडून करंगळी शेजारच्या बोटाला बांधलीस. "सैल बोट मोडतं, ताठ बोट मोडत नाही," म्हणालीस. आईला आपण सांगितलं, दारात सापडली.

सगळ्यांत अवघड होती ती वेळ. मारणारी उडी मारते त्याच क्षणी आपण उडी मारली तर आपण खाली येतो तेव्हा ती मारते. थांबायचं असतं, आणि थांबणं अंगाला पटत नाही. तू चेंडू स्वतःच उंच टाकायचीस, मारायला स्टुलावरून हात उगारायचीस आणि मोठ्याने म्हणायचीस, "आते नही. आते नही. आते." त्या शेवटच्या 'आते'ला, 'आत्ता'ला, मी उडायचे. आणि सारखं एकच: "बॉलले नको देखू. मारनारीले देख."

एका दुपारी तुझा बॉल माझ्या हातांवरून थेट तुझ्याच पायाशी पडला. मी डोळे उघडे ठेवले होते. मला तुझा चेहरा दिसला होता, पट्टीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर. तू स्टुलावरून उतरलीस, पदर झटकलास आणि म्हणालीस, "आता मी अडवते, तू मार."

त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा उडताना पाहिलं. साडीत. पायांत काही नाही. गच्ची तापलेली. मी जीव खाऊन मारलं आणि बॉल माझ्या छातीवर परत आला. पाच वेळा मारलं, पाच वेळा आला. तू धापा टाकत होतीस आणि तुझ्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी आपल्या घरात, स्वयंपाकघरात, सणावारी, कधीच पाहिलं नव्हतं. तो चेहरा मला आत्ता फार हवा आहे. हॉस्पिटलमधला शेवटचा चेहरा मधे येतो आणि मला तो बाजूला सारावा लागतो.

आईला कळलं ते तसंच एका दुपारी. तिच्या इथे वीज गेली म्हणून ती लवकर आली, वर आली आणि तिने तुला हवेत पाहिलं. ती ओरडली नाही. "वहू मानूस शे तू. लोके काय म्हनतीन," एवढं म्हणून खाली गेली. तू लेसची पट्टी सोडलीस, गुंडाळलीस. मला वाटलं संपलं. चार दिवसांनी तूच म्हणालीस, "वर चल. पण आता मी उड्या नाही मारणार. तुला मारून दाखवेन, तू अडव." ती बंदी तू अर्धीच पाळलीस, आणि अर्धी पाळलीस तीच चुकीची अर्धी होती.

त्याच वर्षी उधन्याच्या बायकांची एक टीम जमत होती. गल्लीतली कुणीतरी तुझी उंची पाहून तुला विचारायला आली. संध्याकाळी आपण जेवायला बसलो होतो. आई म्हणाली, "तिले घरनं काम शे." दादाने ताटात बघितलं. तू भाकरी वाढत होतीस. मी तिथेच बसले होते वहिनी, पंधरा वर्षांची होते, पण 'तिला येतं' एवढं बोलण्याइतकी मोठी होते. मी भाकरी कुस्करत राहिले.

मग ती निवड. जिल्ह्याच्या टीमची.

तू आईला सांगितलंस की कापलेल्या साड्या परत द्यायला चाललेय. आणि खरंच गाठोडं घेऊन आलीस, कारण खोटं बोलायचं तर निम्मं तरी खरं असावं असं तुला वाटायचं. मोठं मैदान होतं. मोठ्या शाळांच्या मुली आल्या होत्या, पांढरे बूट, गुडघ्यांना पॅड. त्यांच्या आया झाडाखाली उभ्या होत्या, गॉगल लावलेल्या, हातात गार पाण्याच्या बाटल्या. तू दोरीच्या बाहेर उभी राहिलीस, गाठोडं कमरेवर, पायांत प्लास्टिकच्या चपला.

त्या दिवशी मी चांगली खेळले. माझ्या आयुष्यात मी इतकी शांत कधीच नव्हते. मारणारी खांदा कुठे वळवते ते मला दिसत होतं आणि कानात तुझं 'आते नही' वाजत होतं. निवड करणाऱ्या सरांनी सगळं झाल्यावर मला बोलावलं. गुजरातीत विचारलं, "ब्लॉक कोणे शीखव्यो?" कोणी शिकवला.

तू चार हातांवर होतीस. ऐकू जाईल इतक्या जवळ.

मी म्हणाले, "कोईए नहि, साहेब. जोई-जोईने शीखी." कोणीच नाही, बघून बघून शिकले.

सरांनी तुझ्याकडे बघितलं, कारण तू पुढे सरकली होतीस. "आ बेन कोण?"

मी म्हणाले, "अमारी बाजुमां रहे छे." आमच्या शेजारी राहतात.

तू गाठोडं दुसऱ्या कमरेवर घेतलंस. बस, एवढंच केलंस.

परत येताना आपण रिक्षात अगदी चिकटून बसलो होतो, गाठोडं तुझ्या मांडीवर. मी बाहेर बघत होते. माझी निवड झाली होती आणि मला रडू येत होतं. उधना मागे पडल्यावर तू बोललीस, "तिसऱ्या बॉलला डावा हात उघडा राहिला तुझा. नेटच्या कडेला असलीस तर बाहेरचा हात आत वळव. नाहीतर हाताला लागून बॉल बाहेर जातो." मी "हो" म्हणाले. मैदानात मी जे म्हणाले त्यावर पुढची बावीस वर्षं आपण काही बोललो नाही.

बोललो ते भलत्याच गोष्टीवर, आणि किती भांडलो. शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला गेले तेव्हा तिथे मला ब्लॉकची दुसरी पद्धत शिकवली. धावत येताना हात खाली न्यायचे, झोका घ्यायचा आणि त्या झोक्यावर वर जायचं. उंची वाढते. सुट्टीत घरी आले आणि मोठ्या तोऱ्यात तुला गच्चीवर करून दाखवलं. तेव्हा तुझी मोठी मुलगी तुझ्या कडेवर होती. तू बघितलंस आणि म्हणालीस, "हात खाली गेले की वेळ गेली."

"पण वहिनी, उंची किती मिळते बघ."

"उंच जाऊन उशिरा पोचलीस तर काय फायदा? बॉल थांबतो का तुझ्यासाठी?"

"सगळं जग आता असंच खेळतं."

"खेळू दे जगाला."

हे भांडण संपलंच नाही. मी कामरेजच्या शाळेत लागले, तिथेच घर केलं, दर रविवारी नवागामला यायचे आणि तू चहा ठेवता ठेवता विचारायचीस, "काय गं, तुझ्या पोरी अजून झोके घेतात का?" मी फोनवर सामने दाखवायचे, हातांचा झोका घेणाऱ्या मोठ्या खेळाडू दाखवायचे. तू त्यांच्यातलीच एखादी उशिरा पोचलेली शोधून बोट ठेवायचीस. खरं सांगू? गेली चार वर्षं मी मधे उभ्या राहणाऱ्या मुलींना तुझंच शिकवते. तिला दोन्हीकडे धावायचं असतं, तिला झोक्याला वेळ नसतो. हात चेहऱ्यासमोरच हवेत. कडेच्या मुलींना झोका शिकवते. म्हणजे अर्धी तू बरोबर, अर्धी मी. हे तुला सांगायचं मी मुद्दाम टाळत होते. सांगितलं असतं तर रविवारचं भांडण गेलं असतं.

तीन वर्षांपूर्वीची संक्रांत मी किती वेळा आठवते ते विचारू नकोस. गल्लीतल्या बायकांचं हळदीकुंकू होतं. मी शाळेचं नेट आणलं आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर बांधलं. म्हटलं, वाण लुटण्याआधी एक खेळ होऊन जाऊ दे. आई तेव्हा लग्नाला गावी गेली होती. ती असती तर तू आली नसतीस, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. तू पंजाबी ड्रेस घातलास, ओढणी कमरेला बांधलीस. चाळिशीला टेकलेली, गुडघे दुखणारे, आणि तरी नेटजवळ आल्याबरोबर तुझे हात आपोआप चेहऱ्यासमोर आले.

इतक्या वर्षांत आपण नेहमी पट्टीच्या दोन बाजूंना होतो. त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूला उभ्या राहिलो. बायका हसत होत्या, बॉल कुठेही जात होता. मग पलीकडच्या एका तरण्या पोरीला, कधीकाळी शाळेत खेळलेली असणार ती, छान उंच बॉल मिळाला. मी सरकले, तू सरकलीस, तुझा खांदा माझ्या खांद्याला लागला. तू दबक्या आवाजात म्हणालीस, "आते नही." आणि मग काहीच म्हणाली नाहीस, आपण दोघी एकदमच उडालो. चार हात पलीकडे गेले. बॉल त्या पोरीच्या पायाशी पडला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, नुसतं माझ्या हाताच्या पाठीवर दोन बोटांनी टकटक केलंस. मग समोरच्या घरातल्या काकूंनी विचारलं, "प्रमिला, अगं तू हे कुठे शिकलीस?"

आणि तू हसून म्हणालीस, "नणंदेनं शिकवलं. ती मास्तरीण आहे ना."

वहिनी, तो टोमणा होता की माया होती? मी त्यावर तीन वर्षं विचार करतेय. तुझ्या आवाजात कुठेच काटा नव्हता. तू पदराने करायचीस तसं ओढणीने तोंड पुसलंस आणि तिळगुळाच्या ताटाकडे गेलीस. मला तेव्हा म्हणता आलं असतं. सगळ्या गल्लीसमोर म्हणता आलं असतं की उलटं आहे, हिने मला शिकवलं. माझ्या तोंडात शब्द आलेही. मग कुणीतरी वाण वाटायला हाक मारली, आणि मी नेट सोडायला लागले.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तू फार थकली होतीस. मी फोन तुझ्यासमोर धरून सामना लावायचे. एकदा तू उशीवरून मान न हलवता बोट उचललंस, मधल्या खेळाडूकडे. "उशीर," म्हणालीस. मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. खरंच उशीर झाला होता तिला, डोळ्याचं पातं लवतं तेवढा. मी फोन बंद केला आणि म्हणाले, "वहिनी, त्या निवडीच्या दिवशी मी..."

तू म्हणालीस, "छाया, पाणी दे गं जरा."

मी पाणी दिलं. तू दोन घोट घेतलेस आणि डोळे मिटून घेतलेस. तुला खरंच तहान लागली होती, की तू मला थांबवलंस? तुला विचारायला हवं होतं. पण तू झोपलीस, आणि मला बरं वाटलं की झोपलीस. हे लिहायला जड जातं, पण बरं वाटलं हे खरं आहे.

दहाव्याला नदीवरून परत आल्यावर दादा माझ्याशेजारी ओट्यावर बसला. तुला माहीत आहे तो किती बोलतो ते. बराच वेळ चपलेचा पट्टा नीट करत राहिला आणि मग म्हणाला, "तू त्या निवडीत तिला शेजारीण म्हणालीस ना?"

म्हणजे तू त्याला सांगितलं होतंस.

"घरी येऊन हसत होती ती," दादा म्हणाला. "म्हणाली, छायाने बरं केलं. माझं नाव घेतलं असतं तर इकडेतिकडे झालं असतं, आईपर्यंत गेलं असतं. पोरगी हुशार आहे म्हणाली."

दादाला वाटलं, त्याने मला हलकं केलं. तसं तर तूही तेच करून ठेवलं होतंस, इतकी वर्षं आधी. पण मला माहीत आहे ना, वहिनी. मी तुझा किंवा आईचा विचार करत नव्हते. मी त्या पांढऱ्या बुटांकडे बघत होते आणि मग तुझ्या चपलांकडे. मला लाज वाटली होती. तू त्या लाजेला हुशारी म्हणालीस. तुझी माया मी घेते, पण ते कारण मी घेऊ शकत नाही. ते माझं नाही. मला ब्लॉक तू शिकवलास, आणि मी तुला शेजारीण म्हणाले. हे एकदा कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहितेय.

आता आईचं सांगते.

तेरावं झालं. घर रिकामं झालं. आईला एकटं वाटेल म्हणून मी तिला आठ दिवस कामरेजला घेऊन आले. ती दिवसभर खिडकीत बसायची. तू गेल्यापासून ती जेवताना मधेच थांबते, तुला हाक मारायला तोंड उघडते आणि मिटते. चौथ्या दिवशी मी शाळेत निघाले तर म्हणाली, "मी बी येस," आणि चपला घालून दारात उभी राहिली.

मैदानाच्या कडेला तिच्यासाठी खुर्ची ठेवली. मुलींचा ब्लॉकचा सराव चालू होता. पलीकडे एक मुलगी स्टुलावर उभी राहून बॉल मारत होती, अलीकडे एकेक जण उडी मारून अडवत होती. आई तासभर हलली नाही. एक मुलगी पडली तेव्हा तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. मुली पाणी प्यायला गेल्या आणि मी तिच्याजवळ जाऊन बसले.

ती नेटकडे बघत होती. म्हणाली, "हाई ती साडी नेसीसन करे?"

"हो, आई."

"आन तुले?"

"मला तिनेच शिकवलं. सगळं. मी आज जे काही करते ते तिनेच शिकवलं."

पहिल्यांदा म्हणाले, वहिनी. आणि ते आईसमोर म्हणाले. आईने मान हलवली, जणू तिला कुठल्यातरी लांबच्या माणसाची गोष्ट सांगितली. मग तिने माझ्याकडे वळून अगदी साधं, मनापासून विचारलं, "मंग तिनी खेळनं काबरं सोडं?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला आठवत नव्हतं. ती लपवत नव्हती की सारवासारव करत नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईच्या डोक्यात साडीतली ती उडी उरली होती, पण गच्चीवरचं आणि ताटावरचं तिचं बोलणं पुसून गेलं होतं. ज्या एका वाक्यापाशी तू लेस गुंडाळलीस ते वाक्य तिच्यासाठी कधी घडलंच नव्हतं. मला राग यायला हवा होता. तिचे हात मांडीवर पडले होते, बॉबिन भरून भरून वाकडी झालेली बोटं, आणि तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"आपण सोडायला लावलं, आई," मी म्हणाले. "तू नाही म्हणालीस. दादा काही बोलला नाही. मीही नाही बोलले."

मुली परत आल्या, सराव पुन्हा सुरू झाला. धप, धप, बॉल हातांवर आदळत होता. मी उठायला लागले तर तिने माझं मनगट धरलं.

"माले कोनी सांगं नही," ती म्हणाली, "का ती इतकी भारी शे."

तुला कुणी भारी म्हणायला बावीस वर्षं लागली, आणि म्हणाली ती आई. तुझ्या पाठीमागे. मी तिचा हात सोडवला नाही. सराव संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, आणि मुलींना काय चुकतंय ते मला लांबूनच ओरडून सांगावं लागलं.

तुझी,
छाया